ह-२३ : हळदीच्या मुळाशी (प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४)

२४ जून
आबांच्या शेतातून नमुने आणले. शेत मिरज तालुक्यात, कृष्णाकाठी. जमीन काळी, भारी. हळद अक्षय्य तृतीयेला लावली, म्हणजे दीड महिन्याची झाली. नात्याने आबा आईचे चुलतभाऊ, पण आख्खं गाव त्यांना आबाच म्हणतं.

प्रकल्पाचा प्रश्नही त्यांचाच. विहिरीकडच्या पट्टीत कंदकूज येत नाही, ओढ्याकडच्या पट्टीत दर श्रावण-भाद्रपदात येते. बेणं एकच (सेलम), शेणखत एकाच ढिगातलं, फवारणी एकाच हाताची. "मग हे असं का, सांग की. एवढी शिकलीस." मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, कर यावरच, निदान विषय आयता मिळाला.

दोन्ही पट्ट्यांतली पाच-पाच रोपं मुळांसकट काढली आणि झटकली. खाली पडली ती नुसती माती, मुळाला चिकटून राहिली ती आमची. या मुळालगतच्या मातीला १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन संशोधकाने 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं. मूळ सतत साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं पाझरत असतं. बाकी माती उपाशी आणि इथे पंगत, म्हणून जिवाणूंची गर्दी इथेच. आणि गर्दी आली की भांडणं आली. भांडणात ते एकमेकांवर जी रसायनं सोडतात, ती शोधायची आहेत.

पिशव्या बांधताना आबांनी मूठभर माती हुंगली. "वास चांगला हाय." हा वास जिओस्मिनचा, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस गटाच्या जिवाणूंनी केलेला. एक ट्रिलियन भागांत पाच-दहा भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. आमच्या प्रयोगशाळेत एवढं संवेदनशील यंत्र नाही, हे आबांना सांगितलं नाही.

२७ जून
किंग्ज बी माध्यमावर (जिवाणू वाढवायचं खाद्य) प्लेट लावल्या होत्या. माध्यम १९५४ चं, अजून तेच चालतं: पेप्टोन, ग्लिसरॉल, थोडं फॉस्फेट, थोडं मॅग्नेशियम सल्फेट. त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि तीच त्याची खुबी. लोहाला आचवलेला सुडोमोनास (मुळांभोवती राहणारा एक जिवाणू) पायोव्हर्डिन नावाचं पिवळं-हिरवं द्रव्य सोडतो आणि अतिनील दिव्याखाली चमकतो.

दिवे घालवून अतिनील दिवा लावला. बीएस्सीच्या दोन मुली पाहायला आल्या होत्या, त्या "अय्या!" करून ओरडल्या. मीही पहिल्यांदा ओरडले होते. एकूण ३४ चमकणाऱ्या कॉलन्या निवडून वेगळ्या स्ट्रीक केल्या. नावं ह-१ ते ह-३४, ह म्हणजे हळद. विहिरीकडच्या १९, ओढ्याकडच्या १५.

या आकड्यावरून दोन्ही पट्ट्यांत फार फरक दिसत नाही. थोडी हिरमुसले.

३ जुलै
गाळणी, म्हणजे माणसाला बाधू शकणारे आधीच काढून टाकायचे. सगळे ३४ प्रकार ४२ अंशांवर वाढवून पाहिले. पाच वाढले, त्यांतले तीन निळे-हिरवे. त्या निळ्याचा थोडा अंश क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन आम्ल टाकलं, गुलाबी-लाल झाला. म्हणजे पायोसायनिन, म्हणजे सुडोमोनास एरुजिनोसा. हा मातीत, मुळांवर सर्रास सापडतो, बुरशीलाही झकास मारतो. त्यावर लेख लिहिणारेही आहेत. पण हाच भाजलेल्या रुग्णाच्या जखमेत आणि आजारी फुप्फुसात शिरतो. शेतकऱ्याला हाताने बेण्याला चोळायला देण्याची ही गोष्ट नव्हे. पाचही ऑटोक्लेव्ह करून टाकून दिले. मामांनी (आमचे लॅब असिस्टंट) विचारलं, "एवढं चांगलं वाढलेलं टाकताय?" हो, टाकतेय.

९ जुलै
समोर शत्रू म्हणून कंदकूज आणणारा पिथियम अफॅनिडर्मॅटम. मॅडमनी मागच्या वर्षी कुजलेल्या गड्ड्यातून काढून स्लँटवर ठेवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली ते फुगीर, बोटांसारखे स्पोरँजियम (बीजाणूंच्या पिशव्या) ओळखता येतात. वाढ अशी की ३५ अंशांवर दोन दिवसांत प्लेट भरून कापूस पिंजल्यासारखी.

पिथियमला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण तो खरी बुरशी नाही, ऊमायसीट आहे. भिंत सेल्युलोजची, आणि स्टेरॉल तो स्वतः बनवत नाही. हे महत्त्वाचं का, ते बीएस्सीच्या मुलींना समजावताना पिंपरीची गोष्ट सांगितली. १९६० च्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या जिवाणूंपासून हॅमायसिन आणि ऑरिओफंगिन काढलं. हॅमायसिनमधला 'हॅ' हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचाच. ऑरिओफंगिन तर पिकांवर फवारायला बाजारात आलं. ही दोन्ही पॉलिइन गटातली. बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतात आणि पटलाला भोकं पाडतात. पिथियमकडे अर्गोस्टेरॉलच नाही, मग धरायचं काय? त्याला वेगळं हत्यार लागतं.

ड्युअल कल्चर लावलं: मध्ये पिथियमची चकती, चार बाजूंना चार जिवाणू. २९ उरलेत, प्रत्येकाच्या तीन प्लेट.

१२ जुलै
ह-११ : जिवाणू आणि पिथियममधली मोकळी जागा १४ मिमी. ह-२३ : ९ मिमी. ह-५, ह-३०, ह-३१ : तीन-चार मिमी. बाकीच्यांवरून पिथियम चालून गेला.

ह-११ विहिरीकडचा. ह-२३ ओढ्याकडचा, म्हणजे कूज येते त्या पट्टीतला. आबांना हे कसं सांगायचं?

१८ जुलै
ह-११ चा फुगा फुटला.

मॅडम म्हणाल्या, लोह घालून बघ. त्याच माध्यमात १०० मायक्रोमोलर फेरिक क्लोराइड घातलं. ह-११ ची १४ मिमी जागा शून्यावर आली, पिथियम सरळ त्याच्या अंगावर. ह-२३ ची ९ ची ८ झाली. म्हणजे ह-११ पिथियमला मारत नव्हता, उपाशी ठेवत होता. तो सिडेरोफोर सोडतो. हे रेणू सभोवतालचं लोह बांधून घेतात आणि फक्त मालकालाच परत देतात. सिडेरोफोर ओळखायच्या सीएएसच्या निळ्या प्लेटवर (श्वाइन आणि नीलँड्स, १९८७) ह-११ भोवती भलंमोठं नारंगी वर्तुळ आलं, त्यावर शिक्कामोर्तब.

पहिल्यांदा वाईट वाटलं, मग वाटलं की वाईट का वाटावं? आबांच्या मातीचा सामू ८.२ आहे. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं पण विरघळत नाही, पिकं पिवळी पडतात ती त्यामुळेच. अशा मातीत लोह पळवणं हे मोठंच हत्यार. कॅलिफोर्नियात क्लोपर आणि सहकाऱ्यांनी १९८० साली हेच मांडलं होतं, की सुडोमोनासमुळे रोप जोमाने वाढतं त्यात सिडेरोफोरचा वाटा आहे. तरी पुढचं काम ह-२३ वर, कारण तिथे लोहाच्या पलीकडचं काहीतरी आहे. ह-११ ग्लिसरॉलमध्ये, उणे २० ला.

ह-२३ चेही आजच पाच स्टॉक करून ठेवले. (२७ ऑगस्टला ही ओळ अधोरेखित केली.)

२६ जुलै
कॉलेज बंद. कृष्णेचं पाणी चढतंय, आयर्विन पुलावर लोक पाणी बघायला उभे. वीज दोनदा गेली. फ्रीजर उघडू नका एवढंच मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मी त्यावर खुर्ची टाकून बसलोय."

६ ऑगस्ट
कोल्हापूरच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पीसीआर करून आले. पीएचएलडी जनुक शोधायचं होतं, ते असेल तर ७४५ बेस जोड्यांचा पट्टा येतो. ह-२३ ला आला, स्वच्छ. ह-५ ला नाही, ह-३१ ला नाही.

पीएचएलडी म्हणजे २,४-डायअसेटिलफ्लोरोग्लुसिनॉल, थोडक्यात डीएपीजी, हे बुरशी मारणारं रसायन बनवण्याच्या साखळीतली पहिली कडी. या रेणूची सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली. तिथे गव्हाला 'टेक-ऑल' नावाची मूळकूज येते. नेहमीचा सल्ला पीक बदलण्याचा, पण गव्हावर गहू, गव्हावर गहू असं वर्षानुवर्षं घेत राहिलं की काही वर्षं रोग वाढतो आणि मग आपोआप ओसरतो. जेम्स कुक, डेव्हिड वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्या मातीत गव्हाच्या मुळांवर डीएपीजी बनवणारे सुडोमोनास जमा झालेले असतात, मुळाच्या एका ग्रॅममागे निदान लाखभर. म्हणजे रोगट मातीच आपला वैद्य पोसते. ह-२३ ओढ्याकडच्या कुजणाऱ्या पट्टीत का सापडला, हे आता तितकंसं विचित्र वाटत नाही.

१४ ऑगस्ट
रसायन डोळ्यांनी पाहायचं होतं. ह-२३ दोन माध्यमांत वाढवला, एकात २ टक्के ग्लुकोज, दुसऱ्यात ग्लिसरॉल. तीन दिवसांनी पेशी खाली बसवल्या, वरचं पाणी सामू २ वर आणलं, इथाइल ॲसिटेटने दोनदा काढलं, आटवलं, थोड्या मेथॅनॉलमध्ये घेतलं. सिलिका प्लेटवर ठिपके, क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल १९:१. वाळल्यावर डायझोटाइज्ड सल्फॅनिलिक आम्ल फवारलं.

ग्लुकोजच्या रांगेत नारंगी ठिपका, उधार आणलेल्या शुद्ध डीएपीजीच्या बरोबर शेजारी. ग्लिसरॉलच्या रांगेत तोच ठिपका फिकट, आणि खाली दुसराच एक तपकिरी. तो पायोल्युटिओरिन (सुडोमोनासचंच आणखी एक मारक रसायन) असावा असा कयास, शुद्ध नमुना नाही म्हणून नोंद फक्त 'तपकिरी ठिपका' अशी. स्वित्झर्लंडच्या सीएचए-० या प्रसिद्ध जिवाणूतही असंच होतं: ग्लुकोजवर डीएपीजी वाढतं, ग्लिसरॉलवर पायोल्युटिओरिन. पायोल्युटिओरिनचा पिथियमशी संबंध त्याहून जुना आहे. टेक्सासमध्ये हॉवेल आणि स्टिपॅनोविक यांनी कपाशीच्या मुळांवरून पीएफ-५ हा जिवाणू काढला. त्याचं पायरोलनिट्रिन रायझोक्टोनिया या बुरशीवर (१९७९) आणि पायोल्युटिओरिन पिथियमवर (१९८०) चालतं असं दाखवलं. एकच जिवाणू, दोन शत्रू, दोन रसायनं.

मुळावर ह-२३ ला नेमकं काय मिळतं, ग्लुकोज की आणखी काही, हे मला ठाऊक नाही. म्हणजे तिथे तो कोणतं हत्यार काढतो तेही ठाऊक नाही. फ्लास्कमधलं उत्तर फ्लास्कपुरतं.

२२ ऑगस्ट
ह-२३ चालेना. ड्युअल कल्चरमध्ये जागा शून्य. तिन्ही प्लेट तशाच.

२३ ऑगस्ट
पुन्हा केलं, पुन्हा शून्य. माध्यम नवीन, पिथियम तोच. कंटॅमिनेशन असावं म्हणून ग्रॅम स्टेन केलं: ग्रॅम-निगेटिव्ह दांड्या, शुद्ध. अतिनील दिव्याखाली चमकतोय, उलट आधीपेक्षा जास्तच. पीएचएलडीचा पट्टाही येतो (कोल्हापूरला पुन्हा चक्कर, एसटीचे पैसे स्वतःचे). जनुक आहे, रसायन नाही. रडकुंडीला आले.

२७ ऑगस्ट
सापडलं. निदान धागा सापडला.

माझी चूक अशी: १८ जुलैनंतर ह-२३ स्टॉकमधून पुन्हा काढलाच नाही. दर दोन-तीन दिवसांनी ब्रॉथमधून (द्रव माध्यम) ब्रॉथमध्ये नेत राहिले, न्यूट्रिएंट ब्रॉथ, एकदम सकस. तोच फ्लास्क पातळ करून प्लेटवर पसरवला आणि उन्हाच्या उजेडात धरून बघत बसले, तर कॉलन्या दोन तऱ्हेच्या: थोड्या लहान, आखीव काठांच्या, पुष्कळ मोठ्या, पसरट, जास्त चमकणाऱ्या. दोन्ही तऱ्हांच्या दहा-दहा उचलल्या. लहान दहांपैकी दहांनी पिथियमला थोपवलं. मोठ्यांपैकी एकानेही नाही.

मॅडमनी नुसतं "गॅक?" असं विचारलं आणि चहाला गेल्या.

४ सप्टेंबर
गॅकच असावं. सुडोमोनासमध्ये गॅक-एस आणि गॅक-ए अशी प्रथिनांची जोडी असते: एक पटलावर बसून संकेत घेतं, दुसरं आत हुकूम सोडतं. त्या हुकमाने छोटे आरएनए तयार होतात, ते एरवी कुलूप लावून बसणाऱ्या आरएसएम प्रथिनांना अडकवून ठेवतात, आणि मग डीएपीजी, पायोल्युटिओरिन, हायड्रोजन सायनाइड, प्रोटीएज (प्रथिनं फोडणारं विकर) ही सगळी कोठारं एकदम उघडतात. जोडीतलं एक जरी बिघडलं तर सगळी एकदम बंद. जिवाणू मरत नाही, उलट हत्यारांचा खर्च वाचल्याने भरल्या ताटात तोच जोमाने वाढतो आणि फ्लास्कचा ताबा घेतो. डफी आणि डेफागो यांनी २००० साली सीएचए-० वर नेमकं हेच दाखवलं. उपायही दिला: ब्रॉथ पातळ करा, जस्तासारखी खनिजं घाला, बिघडलेल्यांचं प्रमाण कमी राहतं.

माझ्याकडे जनुक वाचायला पैसे नाहीत, पण कोठारं बंद झाली का हे स्वस्तात बघता येतं.

प्रोटीएजसाठी दुधाची प्लेट (साय काढलेल्या दूध-भुकटीची): लहान कॉलन्यांभोवती पारदर्शक वर्तुळ, मोठ्यांभोवती काही नाही.

सायनाइड: ग्लायसिन घातलेलं माध्यम, झाकणात पिक्रिक ॲसिड आणि सोड्यात बुडवलेली पिवळी गाळणपट्टी. चार दिवसांत लहान कॉलन्यांवरची पट्टी विटकरी-तांबडी, मोठ्यांवरची पिवळीच राहिली. (पिक्रिक ॲसिड कोरडं पडू देऊ नये, स्फोटक आहे. बाटलीत नेहमी पाणी. मामा रोज बघतात.)

तिन्ही गोष्टी एकदम गेल्यात, म्हणजे बिघाड मुख्य कळीतच. मोठ्या कॉलनीला ह-२३-ब नाव दिलं, तीही जपून ठेवली. पुढे तुलनेला कामाची. मूळ ह-२३ चा १८ जुलैचा स्टॉक उघडला: जागा ९ मिमी. फ्रीजरच्या झाकणावर बसलेल्या मामांना आज दोन वडापाव.

१९ सप्टेंबर
गणपती झाले. आबांकडे गेले. ओढ्याकडच्या पट्टीत पानांचे शेंडे वाळलेले, खोड ओढलं की अलगद हातात येतं, बुंधा पिचपिचीत, गड्डा आतून नासका. कंदमाशीच्या अळ्याही होत्या. आधी कोण येतं, माशी की पिथियम, यावर गावात दोन तट आहेत. विहिरीकडची पट्टी हिरवीगार.

पावसाची सर नुकतीच गेली होती, म्हणून जे जूनमध्ये दिसलं नाही ते दिसलं: ओढ्याकडच्या सऱ्यांत घोट्याएवढं पाणी उभं, विहिरीकडे नाही. जमीन वीतभर उतरती आहे, नजरेला सपाट वाटते. पिथियमचे झूस्पोअर (शेपटीवाले बीजाणू) पाण्यात पोहतात. पाणी उभं असेल तर एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जायला त्यांना रस्ताच तयार.

आबांना म्हटलं, तर म्हणाले, "पाणी साचतंय हे मला ठावं हाय गं. पण मी इचारत हुतो तुझ्या जिवाणूंचं." मग घरातून बाटली आणली, दुकानातून घेतलेलं सुडोमोनास. "हे वतून झालं गेल्या साली." कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. घेऊन आले.

२३ सप्टेंबर
आबांची बाटली प्लेटवर. लेबलवर लिहिलेल्या आकड्याच्या आसपासही कॉलन्या नाहीत, आल्या त्या बहुतेक कोरड्या, सुरकुतलेल्या, बॅसिलससारख्या, चमकणाऱ्या दोन. एका बाटलीवरून निष्कर्ष नको. पण सुडोमोनास बीजाणू करत नाही, उन्हाळाभर पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या बाटलीत त्याने जगावं ही अपेक्षाच जादा.

१ ऑक्टोबर
कुंड्या. हळदीवर निकाल यायला महिने जातील, म्हणून काकडी; पिथियम तिच्या रोपांना आठ दिवसांत लोळवतो. माती आबांच्या शेतातली, वाफवलेली. प्रत्येक प्रकाराला सहा कुंड्या, कुंडीत पाच बिया. बियांना १ टक्का सीएमसीच्या खळीतून जिवाणू. ह-२३ या वेळी पातळ केलेल्या ब्रॉथमध्ये वाढवला, जस्त घालून, आणि थेट स्टॉकमधून.

१४ ऑक्टोबर
३० पैकी उभी रोपं:
पिथियम नाही, जिवाणू नाही : २८
पिथियम : ७
पिथियम + ह-२३ : १९
पिथियम + ह-२३-ब : ९

१९ हा आकडा रात्री दोनदा मोजला. ब ने जेमतेम दोन जास्त वाचवली, म्हणजे त्या कोठारातलंच काहीतरी काम करतंय. डीएपीजी की सायनाइड की तो तपकिरी ठिपका, ते या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी एकेक जनुक तोडलेले प्रकार लागतील, ते आमच्या खोलीत होणारं काम नाही.

२८ ऑक्टोबर
तोच प्रयोग, एक बदल: कुंड्यांची भोकं बुजवून तीन दिवस पाणी उभं ठेवलं, मग काढलं.
पिथियम : २
पिथियम + ह-२३ : ५

मॅडमनी कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, "हाही निकालच. लिही."

८ नोव्हेंबर
दिवाळीनंतर आबांकडे. दोन गोष्टी सांगितल्या: पुढच्या वर्षी ओढ्याकडे गादीवाफा करा आणि आडवा चर काढा, बेण्याला ह-२३ चोळायचा तो त्यानंतर, आणि फक्त सहा सऱ्यांत, बाकी सऱ्या तशाच ठेवायच्या, नाहीतर फरक कळणार नाही. सहाच का, यावर वाद घातला. शेवटी आठवर तडजोड.

चराचं काम फाल्गुनात हळद निघाल्यावर. मी निघताना आबा म्हणाले, "आणि ती बाटली तू ठेवून घे. आता मी तुझीच वापरणार." बाटली नाही, नळी असेल, आणि थर्मोकोलच्या डब्यात बर्फात येईल, असं सांगितलं. बर्फ कुठून आणायचा ते अजून ठरलेलं नाही.

स्टॉकची यादी (फ्रीजर, डावा कप्पा): ह-११ चार नळ्या, ह-२३ तीन नळ्या, १८ जुलै, ह-२३-ब दोन नळ्या. ह-२३ उघडणाऱ्याने एका नळीतून एकदाच काढावं, नळी परत ठेवू नये, आणि न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये दोनपेक्षा जास्त वेळा नेऊ नये. दुधाची प्लेट प्रत्येक वेळी लावावी.